सासूबाईंच्या आजारपणामुळे लांबलेला गोव्यातला मुक्काम आणि इंग्लंडमधले कायम वास्तव्य

डिचोलीची सून (प्रश्न, १२ ऑक्टोबर २०२५)

नमस्कार. माझे माहेर साखळीचे आणि सासर डिचोलीचे. वडिलांचा जन्म १९६१ पूर्वी गोव्यात झालेला असल्यामुळे त्यांची जन्मनोंद पोर्तुगालमध्ये करता आली आणि त्यांच्यामागून मला पोर्तुगीज पासपोर्ट मिळाला. सप्टेंबर २०१९ मध्ये मी स्विंडनला गेले, मार्च २०२० मध्ये मला प्री-सेटल्ड स्टेटस (युरोपीय नागरिकांना मिळणारा तात्पुरत्या वास्तव्याचा परवाना) मिळाले आणि तेव्हापासून मी तिथल्या एका गोदामात नोकरी करते आहे. स्टेटसची मुदत संपण्यापूर्वी ती आपोआप पाच वर्षांनी वाढवली गेली. मात्र सेटल्ड स्टेटससाठी, म्हणजे कायम वास्तव्यासाठी, मी अजून अर्ज केलेला नाही, आणि त्याचे कारण माझ्या गैरहजेऱ्या हेच आहे.

१८ नोव्हेंबर २०२१ ते २५ जानेवारी २०२२ या काळात मी धाकट्या भावाच्या लग्नासाठी गोव्यात होते. १४ फेब्रुवारी २०२३ रोजी आईच्या आजारपणासाठी आले. ऑक्टोबरमध्ये ती गेली आणि दिवसकार्य व घरातली कागदपत्रे उरकून मी ३ डिसेंबर २०२३ रोजी स्विंडनला पोहोचले. यंदा जुलैमध्ये सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला. यजमानांना नोकरी सोडून येणे शक्य नव्हते, दीर बोटीवर आहेत, म्हणून २० जुलैला मी एकटी आले आणि तेव्हापासून इथेच आहे. मालकांनी बिनपगारी रजा दिली आहे. सासूबाई आता काठीच्या आधाराने माजघरापर्यंत चालतात, पण रात्री त्यांच्याजवळ कोणीतरी असावेच लागते.

आता प्रश्न. रेडिंगला कामाच्या व्हिसावर असलेल्या एका नातेवाइकांनी सांगितले की, वर्षात १८० दिवसांची मर्यादा २०२३ मध्येच ओलांडली गेल्यामुळे माझी पाच वर्षे डिसेंबर २०२३ पासून नव्याने मोजली जातील. स्विंडनमधल्या एका परिचितांचे म्हणणे याहून कठोर आहे: २०२० नंतर वास्तव्य खंडित झाले असेल तर ते नव्याने सुरूच करता येत नाही, आणि म्हणून मला सेटल्ड स्टेटस कधीच मिळणार नाही. पणजीच्या एका एजंटांनी मात्र सहा महिन्यांच्या आत परतलात की काहीही बिघडत नाही असे सांगून विषय संपवला. तिघांचे बोलणे एकमेकांशी जुळत नाही. सासूबाईंसाठी मी आणखी किती दिवस थांबू शकते, आणि पुढे ब्रिटिश नागरिकत्व घ्यायचे झाल्यास हे दिवस आड येतील का, हे ज्यांना नेमके ठाऊक असेल त्यांनी कृपया सांगावे. तिकीट त्यावर अवलंबून आहे.

फोंड्याहून स्विंडनला

ताई, मी वकील नाही. आपल्या लोकांचे अर्ज भरून देण्याचे काम गेली काही वर्षे करतो आहे आणि त्या अनुभवातून लिहितो. तुमच्या नातेवाइकांनी सांगितलेला नियम खरा आहे, पण तो त्यांच्या व्हिसाचा नियम आहे, तुमच्या स्टेटसचा नाही. तुमच्या परिचितांनी सांगितलेला नियम तुमच्याच स्टेटसचा होता, पण आता तो एकमेव मार्ग उरलेला नाही. एजंटांचे उत्तर तर अर्धेच आहे, कारण त्यांनी तुमच्या मागच्या दोन गैरहजेऱ्यांची चौकशीच केली नाही.

आधी जुना नियम समजून घ्या, म्हणजे इतकी माणसे अजून का घाबरलेली आहेत हे लक्षात येईल. युरोपीय नागरिकांसाठीच्या योजनेत सेटल्ड स्टेटससाठी सलग पाच वर्षांचे वास्तव्य लागत असे, आणि कोणत्याही बारा महिन्यांत सहा महिन्यांहून अधिक काळ बाहेर राहिल्यास ते सलग मानले जात नसे. गंभीर आजार, बाळंतपण, शिक्षण किंवा नोकरीनिमित्त परदेशी पाठवणी अशा महत्त्वाच्या कारणासाठी बारा महिन्यांपर्यंतची एक गैरहजेरी माफ होऊ शकत असे, परंतु त्यासाठी पुरावे द्यावे लागत आणि ते पुरेसे आहेत की नाहीत हे अधिकारी ठरवीत असे. शिवाय हे वास्तव्य ३१ डिसेंबर २०२० पूर्वी सुरू झालेले असणे आवश्यक होते. म्हणून त्या तारखेनंतर ज्याचे वास्तव्य एकदा खंडित झाले, त्याला पुन्हा पहिल्यापासून मोजण्याची सोयही राहत नव्हती. तुमच्या परिचितांची भीती इथून आलेली आहे, आणि कित्येक वर्षे ती अगदी रास्त होती. आईबापांच्या शेवटच्या दुखण्यासाठी गोव्यात आठ-दहा महिने राहिलेली किती तरी माणसे मी या एका कारणाने खचलेली पाहिली आहेत.

१६ जुलै २०२५ पासून यात मोठा बदल झाला. ज्यांच्याकडे प्री-सेटल्ड स्टेटस आहे, त्यांनी अर्जाच्या तारखेपासून मागे मोजलेल्या ६० महिन्यांत एकूण किमान ३० महिने युनायटेड किंगडममध्ये काढलेले असतील, तर त्यांना सेटल्ड स्टेटस मिळू शकते. हे ३० महिने सलग असण्याची अट नाही. सहा महिन्यांची मर्यादा मोडली असेल तरीही हा दुसरा मार्ग खुला राहतो. योगायोगाने तुम्ही गोव्याला निघालात त्याच्या चारच दिवस आधी हा नियम लागू झाला होता.

आता तुमचे दिवस मोजू. निघण्याचा आणि पोहोचण्याचा दिवस गैरहजेरीत धरत नाहीत. पूर्ण बाहेर गेलेले दिवसच मोजायचे. त्या हिशेबाने पहिली गैरहजेरी ६७ दिवसांची आणि २०२३ ची २९१ दिवसांची होते. उदाहरणादाखल तुम्ही १ नोव्हेंबरला परतता असे धरले, तर सध्याची गैरहजेरी १०३ दिवसांची होईल. एकूण ४६१ दिवस, म्हणजे पंधरा महिन्यांहून थोडे अधिक. साठांतून ते वजा केले तरी जवळजवळ ४५ महिने तुम्ही तिथे होता. लागतात ३०. तेव्हा सेटल्ड स्टेटसपुरते बोलायचे झाले, तर सासूबाईंची घडी नीट बसेपर्यंत थांबलात तरी तुमची पात्रता जात नाही. हे मी मुद्दाम स्पष्ट लिहितो आहे, कारण आजारी माणसाच्या उशाशी बसून दिवस मोजणे किती जड जाते ते मला माहीत आहे.

मात्र नागरिकत्वाचे गणित निराळे आहे, आणि तुमच्या तिकिटाची तारीख खरे म्हणजे त्याने ठरेल. तुमचे यजमान ब्रिटिश नागरिक नसावेत असे गृहीत धरतो. तसे असेल तर सेटल्ड स्टेटस मिळाल्यावर साधारणपणे बारा महिने थांबावे लागते. अर्जाच्या दिवसापासून मागच्या पाच वर्षांत ४५० दिवसांहून अधिक आणि शेवटच्या बारा महिन्यांत ९० दिवसांहून अधिक गैरहजेरी असू नये. आणि बरोबर पाच वर्षांपूर्वीच्या त्या दिवशी तुम्ही प्रत्यक्ष तिथे असायला हवे. या शेवटच्या अटीकडे फार जण दुर्लक्ष करतात. तुम्ही परतल्याबरोबर सेटल्ड स्टेटससाठी अर्ज केला आणि ते जानेवारी २०२६ पर्यंत हाती आले, तर नागरिकत्वाचा अर्ज फेब्रुवारी २०२७ मध्ये करता येईल. तेव्हाची पाच वर्षे फेब्रुवारी २०२२ पासून सुरू होतील, त्यामुळे भावाच्या लग्नाचे ६७ दिवस हिशेबातून पूर्णपणे गळतील आणि उरतील २९१ अधिक सध्याचे. १ नोव्हेंबरला परतलात तर बेरीज ३९४ होते आणि पुढच्या सव्वा वर्षासाठी ५६ दिवस शिल्लक राहतात. १ डिसेंबरला परतलात तर २६ राहतात. डिसेंबरअखेरपर्यंत थांबलात तर ४५४ होऊन मर्यादा ओलांडली जाते. थोड्या जादा दिवसांकडे, म्हणजे एकूण ४८० पर्यंत, सहसा दुर्लक्ष केले जाते हे खरे. परंतु ती अधिकाऱ्याने दिलेली सवलत आहे, तुमचा हक्क नव्हे, आणि सुरुवातीपासूनच तिच्यावर विसंबून बेत आखू नये असे माझे ठाम मत आहे.

पुराव्यांविषयीही सांगतो. नॅशनल इन्शुरन्स क्रमांकावरून (नोकरदाराच्या तिथल्या सरकारी ओळख क्रमांकावरून) कर आणि भत्त्यांच्या सरकारी नोंदी आपोआप तपासल्या जातात, त्यामुळे पगार जमा झालेल्या महिन्यांचा प्रश्न येत नाही. बिनपगारी महिन्यांत तुम्ही तिथे असलात तर बँकेचे विवरण, कौन्सिल टॅक्सचे बिल, दवाखान्याचे पत्र असे काहीतरी जोडावे लागते. पोर्तुगीज पासपोर्टवर तिथल्या विमानतळावर शिक्का मारत नाहीत, म्हणून आपल्याकडे दाबोळीला किंवा मोपाला येता-जाता बसलेले भारतीय शिक्के हाच तारखांचा सर्वांत पक्का आधार ठरतो. जुना पासपोर्ट बदलला असेल तर तो टाकू नका.

केप्याचा अभियंता, सध्या लीड्स

वरच्या उत्तराला एक जोड देतो, कारण रेडिंगच्या नातेवाइकांप्रमाणे मीही कामाच्या व्हिसावर आहे आणि आमच्या नियमाबद्दलही पुष्कळ गैरसमज आहेत.

स्किल्ड वर्कर व्हिसावरून कायम वास्तव्य मागताना पात्रतेच्या काळातल्या कोणत्याही बारा महिन्यांत १८० दिवसांहून अधिक गैरहजेरी चालत नाही. यातला ‘कोणत्याही’ हा शब्द महत्त्वाचा आहे. मी जानेवारी ते डिसेंबर असे मोजत होतो, आणि माझा अर्ज पाहणाऱ्या सल्लागारानेही तसेच मोजले होते. एका वर्षाच्या शेवटी मी शंभर दिवस गोव्यात होतो, नंतर परतून पुढच्या वर्षाच्या पूर्वार्धात पुन्हा ११० दिवस होतो; दोन्ही वर्षे वेगवेगळी पाहिली तर मर्यादेच्या आत वाटतात, पण मधले बारा महिने घेतले की बेरीज २१० होते. हे माझ्या लक्षात अर्ज भरण्याच्या आदल्या आठवड्यात आले आणि त्या रात्री मला झोप लागली नाही. माझ्या सुदैवाने दोन्ही खेपा वडिलांच्या जीवघेण्या आजारामुळे झालेल्या होत्या. नियमांत जवळच्या माणसाचा असा आजार किंवा मृत्यू हे कारण ग्राह्य धरण्याची तरतूद आहे. बांबोळीच्या इस्पितळातले कागद, डॉक्टरांचे तारखांसह पत्र आणि रजा का दिली हे सांगणारे कंपनीचे पत्र मी जोडले, आणि अर्ज मंजूर झाला. घरातले लग्न, शिगमो किंवा घराची दुरुस्ती अशी कारणे मात्र कितीही खरी असली तरी तिथे चालली नसती.

आणखी दोन गोष्टी. व्हिसा मंजूर झाल्यापासून प्रत्यक्ष देशात पाऊल ठेवेपर्यंतचे दिवसही गैरहजेरीतच जमा होतात. माझ्या एका मित्राने निघायला दोन महिने लावले आणि ते दिवस त्याच्या पहिल्या वर्षात मोजले गेले. आणि ११ जानेवारी २०१८ पासून दिलेल्या व्हिसांवर जोडीदारालाही हीच १८० दिवसांची मर्यादा लागू आहे. पूर्वी पती नोकरीत आणि पत्नी मुलांना घेऊन सहा-आठ महिने सासरी, असे सर्रास होत असे. आता तसे केल्यास पतीला कायम वास्तव्य मिळते आणि पत्नी मागे राहते. फोंडा तालुक्यातल्या एका कुटुंबात हे घडलेले मी जवळून पाहिले आहे.

प्रवासाच्या तारखा आठवत नसतील तर आपल्याविषयीच्या नोंदी होम ऑफिसकडून (ब्रिटनच्या गृहखात्याकडून) विनाशुल्क मागवता येतात. मी त्या मागवल्या आणि माझ्या वहीतली एक तारीख चार दिवसांनी चुकलेली निघाली.

म्हापशाहून, सध्या ब्रॅम्प्टन

कॅनडातल्या मंडळींनी वरचे आकडे आपल्याला लावू नयेत एवढ्यासाठी लिहितो. इथे कायम वास्तव्य आधी मिळते आणि ते टिकवण्यासाठी कोणत्याही पाच वर्षांत ७३० दिवस कॅनडात असावे लागते. कॅनेडियन नागरिक असलेल्या जोडीदारासोबत परदेशात काढलेले दिवसही त्यात धरले जातात. नागरिकत्वासाठी पाच वर्षांत १०९५ दिवस लागतात, आणि तिथे जोडीदारासोबत परदेशात असल्याची ही सवलत नाही.

पेडण्याची वहिनी

ताईंचा प्रश्न वाचून धीर करून विचारते. माझ्या यजमानांचाही पोर्तुगीज पासपोर्ट आहे आणि २०२० चे प्री-सेटल्ड स्टेटस आहे. ते क्रूझच्या बोटीवर असतात. सात महिने बोटीवर आणि तीन महिने सुटी, असे त्यांचे चक्र आहे. सुटीतले साधारण दोन महिने ते स्विंडनला माझ्याजवळ आणि एक महिना पेडण्याला आईजवळ काढतात. घर स्विंडनला आहे, भाडे आम्ही भरतो, मुले तिथल्या शाळेत आहेत. तरीही त्यांचे बोटीवरचे दिवस गैरहजेरीच धरतील का?

फोंड्याहून स्विंडनला

वहिनी, घर आणि मुले तिथे आहेत ही गोष्ट तुमचे मूळ ठिकाण कुठले हे दाखवते, परंतु महिन्यांची मोजणी माणूस स्वतः कुठे होता यावर होते. परदेशी समुद्रात आणि बंदरांत गेलेले दिवस गैरहजेरीतच जातात. दहा महिन्यांचे एक चक्र धरले तर ६० महिन्यांत सहा चक्रे होतात. प्रत्येकात दोन महिने स्विंडनला म्हणजे एकूण बारा. पेडण्याची प्रत्येक खेप त्यांनी रद्द केली असती तरी अठराच झाले असते. तीस होत नाहीत.

यावर मार्ग एकच दिसतो. बोट सोडून स्विंडनलाच काम धरले, तर साधारण दोन वर्षांनी मागच्या ६० महिन्यांत ३० महिने भरतील: त्या दोन वर्षांचे २४, आणि त्याआधीच्या तीन वर्षांतले सुमारे सात. या दोन वर्षांत गोव्याला आले तर तेवढे दिवस पुढे वाढतील. पगाराच्या दृष्टीने बोट सोडणे सोपे नाही हे मी जाणतो, कारण माझे वडील बावीस वर्षे बोटीवर होते. पण सेटल्ड स्टेटस एकदा हाती आले की पुढे सलग पाच वर्षे बाहेर राहिल्याशिवाय ते जात नाही. म्हणजे नंतर पुन्हा बोटीवर जायचे झाले तर त्यांना पूर्ण मोकळीक राहील. कामाच्या व्हिसावरून मिळालेले कायम वास्तव्य मात्र सलग दोन वर्षांहून अधिक काळ बाहेर राहिल्यास संपते, म्हणून केप्याच्या भावांनी हा पाच वर्षांचा आकडा आपला समजू नये.

आधी दोन वर्षे जमिनीवर आणि मग बोट, हा क्रम मुले लहान असतानाच साधला तर बरे, असे मला मनापासून वाटते. निर्णय अर्थात तुम्हा दोघांचा.

डिचोलीची सून

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री सासूबाईंना झोप लागल्यावर दोन्ही पासपोर्ट काढून बसले आणि शिक्के एकेक करून तारखांशी ताडून पाहिले. दाबोळीचे २०२१ आणि २०२२ चे शिक्के जुन्या पासपोर्टमध्ये आहेत. तो मी सुदैवाने टाकला नव्हता. दिवस तुम्ही सांगितले तेवढेच निघाले.

यजमान ब्रिटिश नागरिक नाहीत, म्हणून बारा महिन्यांची अट मला लागू आहे. घरात बोलून असे ठरवले आहे की दिवाळी आणि तुळशीचे लग्न इथेच करायचे, नोव्हेंबरच्या मध्यावर दीर बोटीवरून उतरले की आठवडाभर त्यांना औषधे, व्यायाम आणि रात्रीची जाग हे सगळे शिकवायचे, आणि २२ नोव्हेंबरला निघायचे. म्हणजे या खेपेचे १२४ दिवस होतील, २०२३ च्या २९१ दिवसांसह ४१५, आणि फेब्रुवारी २०२७ पर्यंत माझ्या हाती ३५ दिवस राहतील. पुढची चवथ (गणेश चतुर्थी) १४ सप्टेंबरला आहे. सासूबाईंनी आत्तापासूनच विचारले आहे की माटोळी (गणपतीवर टांगायची फळाफुलांची आरास) बांधायला मी असेन का. तीन आठवड्यांची रजा घेऊन येईन असे त्यांना सांगितले आहे, आणि तरीही पंधरा दिवस शिल्लक राहतात. दुर्दैवाने मध्येच धावून यावे लागले तर तेवढे उपयोगी पडतील.

सेटल्ड स्टेटसचा अर्ज स्विंडनला पोहोचल्याच्या आठवड्यातच भरते. २०२३ मधल्या बिनपगारी महिन्यांविषयी अर्जात काही लिहावे लागेल का, एवढे फोंड्याच्या दादांनी सांगितल्यास बरे होईल.

फोंड्याहून स्विंडनला

ताई, ते महिने तुम्ही गोव्यात होता, तेव्हा त्यांचा पुरावा देण्याचा प्रश्नच नाही. ते बाहेर गेलेले दिवस म्हणून खरे तेच सांगा आणि उरलेल्यांपैकी तीस महिन्यांची कागदपत्रे जोडा. नोकरी २०२० पासून सलग असल्यामुळे बहुतेक महिने पगाराच्या नोंदीतूनच भरून निघतील. तरी २०२१ पासूनचे प्रत्येक वर्षाचे पी-६० (वर्षभराच्या पगाराचा आणि कापलेल्या कराचा दाखला) मालकांकडून आत्ताच ईमेलने मागवून ठेवा. डिसेंबरमध्ये गोदामातल्या गर्दीत त्यांच्या कार्यालयाला सवड नसते.